टक्केवारीविना चाललेला एक अपघात क्लेम

जखमी माणूस ३४ वर्षांचा. गेट, ग्रिल, शेडचं फॅब्रिकेशन करणारा. घरी बायको, दोन मुलं आणि आई. जुलै २०२२ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, कराडच्या अलीकडे, उलट्या दिशेने आलेल्या पिकअपने त्याच्या मोटरसायकलला समोरून ठोकलं. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यात गेलं, दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट आणि स्क्रू बसले. पिकअपचा विमा चालू होता आणि पोलिसांनी गुन्हा पिकअपच्या ड्रायव्हरवरच नोंदवला होता. आमच्या वकिलांच्या बाररूमच्या भाषेत ‘चांगली केस’. पक्षकाराची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.

डिसेंबरात तो थोरल्या भावाच्या आधाराने माझ्या ऑफिसात आला. पिशवीत कागद भरपूर होते, पण मूळ एकही नाही, सगळ्या झेरॉक्स. हॉस्पिटलात असतानाच एक गृहस्थ त्याला भेटून गेले होते. ‘क्लेमचं सगळं आम्ही बघतो, आधी एक रुपया देऊ नका, रक्कम आली की पाव हिस्सा.’ त्यांनी एका वकिलाच्या वकीलपत्रावर सही घेतली, औषधांची आणि ऑपरेशनची मूळ बिलं नेली, आणि तीन कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. पाच महिने होऊन गेले तरी क्लेम दाखल झाला नव्हता. फोन केला की ‘चालू आहे’ एवढंच उत्तर.

नेमकं काय चालू होतं, ते कागद बघितल्यावर कळलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता ठरलेली रक्कम मिळते: मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. त्याच वाटेने विमा कंपनीशी बोलणं सुरू होतं. वाट सोपी आहे. साक्ष नको, डॉक्टर नको, उलटतपास नको. पण ती रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो, हे या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. अडीच लाखांचा पाव हिस्सा म्हणजे साडेबासष्ट हजार, फारसं काही न करता. पक्षकाराच्या हातात उरणार होते एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. त्याची हॉस्पिटलची बिलंच दोन लाख शहाऐंशी हजारांची होती.

घाईचं दुसरं कारण मुदत. १ एप्रिल २०२२ पासून क्लेम अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असं बंधन आलं. त्याआधी कित्येक वर्षं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे ‘सावकाश करू’ ही सवय अजून लोकांची गेलेली नाही आणि काही वकिलांचीही. आमच्या हातात महिनाभर उरला होता.

कागद बघून झाल्यावर भावाने विचारलं, “मॅडम, तुमचे टक्के किती?”

हा प्रश्न माझ्याकडे येणारा प्रत्येक अपघाती पक्षकार विचारतो. माझं उत्तर तेच असतं: टक्के घेता येत नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांतला विसावा नियम सरळ आहे. निकालावर अवलंबून असणारी फी वकिलाने ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेण्याचा करार करायचा नाही. मुंबईतल्या एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीचा निम्मा हिस्सा घेण्याचा करार पक्षकाराशी केला, तेव्हा ते गैरवर्तन ठरलं आणि प्रकरण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून ‘तिकडे वकील तिसरा हिस्सा घेतो’ हे आपण ऐकतो, आणि ते खरं आहे. तिथे ते कायदेशीर आहे, इथे नाही.

अपघाताच्या क्लेमबद्दल याहून नेमका निकाल ५ डिसेंबर २०१७ चा आहे. तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा १९९८ मध्ये अपघातात गेला. भरपाई मिळाली. वकिलाला त्यांनी दहा लाख रुपये फी दिली, तरी त्याने आणखी दहा लाखांचा चेक घेतला, खात्यात पैसे नाहीत असं त्या सांगत असताना. चेक परत आला आणि त्याने चेक बाउन्सची फौजदारी केस घातली. रकमेच्या सोळा टक्के फी ठरली होती, हा त्याचा दावा. न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने ती केसच रद्द केली. टक्केवारीची फी बेकायदा, त्यासाठी घेतलेल्या चेकवरून वसुली नाही, आणि वर हे व्यावसायिक गैरवर्तन. माझ्या पक्षकाराचे तीन कोरे चेक दुसऱ्याच्या कपाटात पडले होते, त्यामुळे हा निकाल मी दोघा भावांना सावकाश समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्या चेकना स्टॉप पेमेंट दिलं.

आता खरी गोष्ट. नियम असा असला तरी कोर्टाच्या आवारात टक्केवारी चालते, सर्रास चालते. कागदावर नसते इतकंच. आणि ती का चालते, हे भावाने माझ्यासमोरच एका वाक्यात सांगून टाकलं. मी म्हणाले, माझी फी ठरलेली असेल, जिंका किंवा हरा, ती द्यावी लागेल. त्यावर तो म्हणाला, “मग तो एजंटच बरा की. हरलो तर तो काय मागणार नाही.”

त्याचं चुकलं नव्हतं. पाय प्लास्टरमध्ये, काम बंद, घरात उसनवारी, अशा माणसाला ‘आधी काही नको’ हे शब्द गोड लागणारच. टक्केवारीवर बंदी घालणं सोपं आहे. ज्या अडचणीतून ती येते ती अडचण बंदीने जात नाही. वकिलाने निकालात भागीदार होऊ नये, हे मला पटतं. पण मग गरीब जखमीने वकील कसा करायचा, याचं उत्तर बंदी घालणाऱ्यांनी नीट दिलेलं नाही. त्या २०१७ च्या निकालातही न्यायालयाने फीबाबत काही नियमन हवं असं सुचवलं होतं.

एक उत्तर मोफत विधी सेवेचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना उत्पन्नाची अट न लावता. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. जखमी बाई असती तर मी तिला आधी तिकडेच पाठवलं असतं. या माणसाची गोची वेगळी होती. क्लेममध्ये त्याला दरमहा २८ हजार कमाई होती असं सांगायचं होतं, म्हणजे वर्षाला तीन लाख छत्तीस हजार. मोफत वकिलासाठी मात्र तीन लाखांच्या आतलं उत्पन्न दाखवायला हवं. एकाच कोर्टाच्या दोन मजल्यांवर दोन वेगळे आकडे कसे सांगणार? विमा कंपनीच्या वकिलाने तो अर्ज उलटतपासात पहिल्यांदा बाहेर काढला असता. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की त्या गटात बसता आलं असतं, पण हाड पूर्ण जुळेपर्यंत सिव्हिल हॉस्पिटल कायमचं अपंगत्व ठरवत नाही, आणि मुदत तर जानेवारीत संपत होती.

शेवटी ठरलं ते असं. एकूण फी ९० हजार. अर्ज दाखल करताना १५, पक्षकाराची साक्ष झाल्यावर २५, डॉक्टरांची साक्ष झाल्यावर २५, युक्तिवादाच्या वेळी २५. ज्या टप्प्यापर्यंत केस जाईल तिथपर्यंतचेच पैसे. त्या दिवशी त्याच्याकडे पाच हजार होते, ते घेतले. बाकीचे पैसे, त्याचं काम सुरू झाल्यावर, दरमहा तीन हजारांच्या हप्त्याने. निकाल काहीही लागो, झालेल्या टप्प्यांची फी देणं लागतो, हे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. अपील करावं लागलं तर त्याची फी वेगळी, ती तेव्हा ठरेल. खर्च फीमध्ये नाही: नकला, नोटिसांचा खर्च, डॉक्टरांचा साक्षभत्ता आणि त्यांच्या येण्याजाण्याची गाडी. प्रत्येक खर्चाची पावती त्याला मिळेल. दोन पानी कागद, मराठीत, दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे.

‘एवढ्यात परवडतं का’ असं सहकारी विचारतात. एका केसमध्ये परवडत नाही. महिन्याच्या पाच-सात क्लेममध्ये परवडतं, आणि त्यातल्या दोघा-तिघांचे हप्ते थकतात हेही धरूनच चालावं लागतं. पण मला आकड्यापेक्षा ते टप्पे महत्त्वाचे वाटतात. वकील म्हणजे ‘तारखेला उभा राहणारा माणूस’ अशी पक्षकाराची समजूत असते. टप्पे लिहिले की त्याला दिसतं की डॉक्टरांची साक्ष हे वेगळं काम आहे, आणि ती झाली नसेल तर तो विचारू शकतो, का झाली नाही.

मूळ बिलांसाठी आधीच्या वकिलांना पत्र लिहिलं. त्यांनी ‘आमच्या कामाचे चाळीस हजार’ मागितले. वकिलाला फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगून ठेवलं आहे. त्या निकालाचा उल्लेख करून दुसरं पत्र पाठवलं, तेव्हा भावाला बोलावून फाइल देऊन टाकली. चेक मात्र ‘सापडत नाहीत’ म्हणाले. तोवर आम्ही हॉस्पिटलातून बिलांच्या दुबार प्रती मागवून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात क्लेम दाखल करून मोकळे झालो होतो. सोबत खबर (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, पोलिसांचा ए-ए फॉर्म (अपघाताच्या माहितीचा), आरसी, पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड.

यापुढचं मुख्य काम म्हणजे कमाई सिद्ध करणं. या माणसाने आयुष्यात आयकर विवरण भरलं नव्हतं. दुकानाला पाटी नाही, काम सगळं गिऱ्हाइकाच्या दारात. ‘२८ हजार मिळत होते’ असं नुसतं म्हटलं की ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणारं न्यायाधिकरण, मजुराच्या दराने दहा-बारा हजार धरून मोकळं होतं. त्याने आधी बँकेचं पासबुक आणलं. त्यात काही नव्हतं, पैसे आले की त्याच दिवशी काढलेले. मग मी त्याला लोखंड कुठून घेतोस ते विचारलं. कराडच्या एका स्टील दुकानदाराकडे त्याचं खातं होतं, उधारीचं. लाल पुठ्ठ्याची वही, दर पानावर तारीख, अँगल, चौकोनी पाइप, इलेक्ट्रोड, वजन आणि खाली ‘जमा’. अपघाताआधीच्या दीड वर्षात असा एकही आठवडा नव्हता की माल उचललेला नाही, आणि जुलैपासून पानं कोरी. त्या वहीने जे सांगितलं ते कुठल्याही उत्पन्नाच्या दाखल्याने सांगितलं नसतं. दुकानदार साक्षीला यायला तयार नव्हता, त्याला जीएसटीची भीती. दोनदा जाऊन चहा घेऊन त्याला समजावलं की कोर्टात प्रश्न तुमच्या विक्रीचा नाही. तिसऱ्या तारखेला वही काखेत मारून आला. फोनपेचं स्टेटमेंटही जोडलं, त्यात गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स दिसत होते.

विमा कंपनीने जबाबात नेहमीचे मुद्दे घेतले. एक, मोटरसायकलवाल्याने हेल्मेट घातलं नव्हतं. खरं होतं. पण मोडला पाय. हेल्मेट असतं तरी पाय वाचला नसता, त्यामुळे तो मुद्दा पहिल्याच वाचनात पडला. दोन, पिकअप मालवाहू गाडी आणि ड्रायव्हरकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स, त्यावर ट्रान्सपोर्टची नोंद नाही, म्हणून पॉलिसीचा भंग. हा मुद्दा जड होता. तो टिकला असता तर फार तर ‘आधी कंपनीने द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश झाला असता, किंवा कंपनी सुटलीच असती आणि आम्ही मालकाच्या मागे लागलो असतो, ज्याच्या नावावर त्या एका पिकअपखेरीज काही नव्हतं. युक्तिवाद जवळ आले असताना ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा वाद मिटवला: एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडीही चालवता येते. पिकअप त्याच्या निम्म्याहून कमी वजनाची. कंपनीच्या वकिलांनी हा मुद्दा पुढे ओढला नाही.

त्याआधी मध्ये एक वळण आलं, आणि फीचा प्रश्न कागदावरून खाली उतरला तो तिथेच. २०२४ च्या मध्यावर लोकअदालतीत कंपनीने तडजोडीला अकरा लाख देऊ केले. व्याज, खर्च सगळं धरून. महिन्याभरात चेक. तोपर्यंत पक्षकाराची साक्ष झाली होती, डॉक्टरांची व्हायची होती. त्याची बायको त्या दिवशी सोबत होती. ती म्हणाली, “मॅडम, घेऊन टाकूया. माझ्या अंगावर बचत गटाचं कर्ज आहे, व्याज थांबत नाही.”

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. सही केली की विषय संपला. म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत बसवून हिशेब मांडला, आणि आधी माझं सांगितलं: केस पुढे चालली तर मला अजून दोन टप्प्यांचे पन्नास हजार मिळणार, तडजोड झाली तर मिळणार नाहीत. तेव्हा माझा सल्ला ऐकताना हे लक्षात ठेवा. टप्प्यांच्या फीलाही ही खोट आहे, केस लांबवण्याकडे तिचा कल. टक्केवारीचा कल उलटा. पाव हिश्शावर काम करणाऱ्याला अकरा लाखांवर आजच पावणेतीन लाख मिळतात. आणखी वर्ष घालवून, डॉक्टरांना आणून, रक्कम वाढली तर वाढेल या आशेवर तो का थांबेल? पक्षकाराचे मात्र पुढचे तीस वर्षांचे पैसे त्या एका सहीत अडकलेले असतात.

हिशेब असा होता. सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रात उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व ४० टक्के लिहिलं होतं. हे ४० टक्के एका पायाचे, सगळ्या शरीराचे नाहीत. कंपनी म्हणत होती, त्याचा तिसरा भाग धरा, १३ टक्के. पण भरपाई शरीराच्या टक्क्यांवर ठरत नाही. कमावण्याची ताकद किती गेली यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते पक्कं केलं आहे. कारकुनाचा पाय गेला तर त्याची नोकरी कदाचित टिकते, वेल्डरचा गुडघा वाकेनासा झाला तर तो जिना चढून ग्रिल बसवू शकत नाही. तेव्हा सगळा प्रश्न हा की ट्रिब्युनल १३ धरेल, ३० धरेल की आणखी काही, आणि ते ठरणार डॉक्टरांच्या साक्षीत, जी अजून झालीच नव्हती.

ट्रिब्युनलने महिना १८ हजार कमाई धरली तर, वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा म्हणून ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय ३४, म्हणून ‘सरला वर्मा’ निकालाच्या तक्त्यातला गुणक १६. झाले ४८,३८,४००. याचे १३ टक्के म्हणजे ६,२८,९९२. याचेच ३० टक्के म्हणजे १४,५१,५२०. सव्वाआठ लाखांचा फरक फक्त या एका आकड्यात. बाकीच्या बाबी मिळवल्या तर कंपनीचं म्हणणं पूर्ण मान्य झालं तरी बेरीज तेरा लाखांच्या वर जात होती, आणि त्यावर व्याज. मी म्हणाले, अकरा लाख हा या हिशेबातल्या वाईटात वाईट निकालापेक्षाही कमी आकडा आहे, पण तो आज हातात आहे, आणि १८ हजार कमाई ट्रिब्युनल धरेलच याची खात्री मी देत नाही. दहा हजार धरली तर हे सगळं गणित कोसळतं.

नवरा-बायको बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत आल्यावर तो म्हणाला, “नको. डॉक्टर येऊ देत.” बचत गटाचे हप्ते भावाने तात्पुरते अंगावर घेतले.

डॉक्टरांची साक्ष लांबली. बदली झाली होती, दोन समन्स परत आले. आल्यावर सरतपासात, म्हणजे माझ्या प्रश्नांवर, त्यांनी प्रमाणपत्र सिद्ध केलं, गुडघा सत्तर अंशांपर्यंतच वाकतो हे मोजमाप सांगितलं. मग कंपनीच्या वकिलांचा उलटतपास, शांत आणि हुशार.

“तो काठीशिवाय चालू शकतो?”
“हो.”
“दुचाकी चालवू शकतो?”
“चालवू शकेल.”
“बसून करायचं काम करू शकतो?”
“हो.”

एवढ्यावर ते बसले. १३ टक्क्यांची पायाभरणी झाली होती. मी परवानगी घेऊन फेरतपासात दोनच प्रश्न विचारले. हा माणूस उकिडवा बसू शकतो का? डॉक्टर म्हणाले, नाही, आणि पुढेही बसू शकणार नाही. शिडीवर उभं राहून वजन पेलू शकतो का? धोक्याचं आहे, मी परवानगी देणार नाही. जमिनीवर गेटची चौकट ठेवून तिला वेल्डिंगचे टाके मारायचे तर उकिडवंच बसावं लागतं, हे त्या कोर्टातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. घराला ग्रिल बसवून घेतली नाही असं कोण असतं?

मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. कमाई १८ हजार धरली. वही आणि फोनपे दोन्हींचा निकालपत्रात उल्लेख होता. काम करण्याची क्षमता ३० टक्के गेली, असं धरलं. त्याचे १४,५१,५२०. औषधोपचाराचे २,८६,०००. आठ महिन्यांची बुडालेली कमाई १,४४,०००. वेदना आणि यातना एक लाख. जगण्यातल्या सुखांना मुकण्याचे ७५ हजार. सोबतचा माणूस, आहार, प्रवास यांचे ५० हजार. प्लेट काढण्याच्या पुढच्या ऑपरेशनचे ६० हजार. एकूण २१,६६,५२०. पुढच्या ऑपरेशनची रक्कम सोडून बाकीच्यावर अर्ज दाखल केल्यापासून साडेसात टक्के व्याज. मे महिन्यात रक्कम आली तेव्हा सगळं मिळून सुमारे २५ लाख ३५ हजार झालं. दाखल केल्यापासून सव्वादोन वर्षांत. आमच्याकडे हे लवकर म्हणायचं. माझ्या मते ३० टक्केही कमीच धरले, ३५ पर्यंत जायला हरकत नव्हती, पण पाच टक्क्यांसाठी उच्च न्यायालयात जाऊन पुन्हा काही वर्षं काढावीत असं मी सुचवलं नाही. कंपनीनेही नव्वद दिवसांत अपील केलं नाही.

पैसे कोणाच्या खात्यात येतात, हा टक्केवारीच्या धंद्याचा कणा असतो. कोर्टात रक्कम जमा होते, चेक निघतो, पक्षकार अडाणी असेल तर ‘चला, बँकेत मी येतो’ म्हणून कुणीतरी सोबत जातं, आणि बाहेर येईपर्यंत पाव हिस्सा वेगळा झालेला असतो. त्याच मार्चमध्ये, २०२५ च्या, सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट जखमीच्या किंवा वारसांच्या बँक खात्यात जमा करण्याबाबत निर्देश दिले. आमच्या निकालानंतर आम्ही खात्याचा तपशील, पासबुकाची प्रत आणि पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) लगेच दिली. ट्रिब्युनलने दहा लाखांची मुदत ठेव करायला सांगितली, बाकी रक्कम सरळ त्याच्या खात्यात आली. माझ्या खात्यात किंवा हातात त्यातला एक रुपयाही आला नाही, आणि तसंच असावं.

पैसे आल्यावर आठवड्याभराने दोघे भाऊ आले. माझ्या फीचे ५२ हजार तोवर हप्त्यांनी फिटले होते, ३८ हजार बाकी होते. थोरल्याने पिशवीतून एक लाख काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, एजंट असता तर सहा लाख गेले असते, हे खुशीने आहेत. मी ३८ हजार मोजून घेतले, पावती दिली, बाकीचे परत केले. खुशीचे पैसे निकालानंतर घेतले तर पुढच्या पक्षकाराला तो दर वाटू लागतो, आणि आवारात बातमी संध्याकाळच्या आत पोचते. भाऊ थोडा नाराज झाला.

धाकट्याने मात्र खर्चाचा कागद काढला आणि ओळीओळीवर बोट ठेवून तपासायला बसला. नकला, समन्सचे पैसे, डॉक्टरांचा भत्ता, सगळं जुळलं. डॉक्टरांच्या गाडीचे बाराशे दोनदा लागले होते, पावती एकच होती. दुसऱ्या वेळी डॉक्टर आले खरे, पण कोर्टाचं काम झालं नाही आणि ते स्वतःच्या गाडीने परत गेले होते. ते बाराशे मी खोडले आणि त्याला परत दिले.